खापरं, हाडं आणि एक लहान कॉलेज

पीएचडीचा विषय सांगितला की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "म्हणजे नक्की काय, मानवशास्त्र की पुरातत्त्व?" नातेवाईक विचारतात ते ठीक आहे. पण शिष्यवृत्तीचा अर्जही तेच विचारतो, कारण तिथे एकाच चौकटीत खूण करायची सोय असते. माझं खरं उत्तर कुठल्याच चौकटीत मावत नाही, म्हणून ते इथे सविस्तर लिहिते. पुण्यात एका लहानशा संस्थेत 1939 ते 1970 या काळात हे दोन विषय एका घरात कसे नांदले, त्यातून काय निघालं आणि ते वेगळे झाल्यावर काय हातचं गेलं, हा माझा विषय. संस्था तुम्हाला माहीत आहे: येरवड्याचं डेक्कन कॉलेज.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. पुरातत्त्व म्हणजे माणसांनी मागे टाकलेल्या वस्तूंवरून त्यांचा भूतकाळ उलगडणं. खापरं, चुली, हत्यारं, घरांच्या जमिनी. मानवशास्त्राचे दोन हात आहेत. एक हात शरीराचा: हाडं, दात, रक्तगट, उंची. दुसरा समाजाचा: नाती, लग्नाचे नियम, देव, शेती, भटकंती. अमेरिकेत पुरातत्त्व हा मानवशास्त्राचाच भाग धरला जातो. आपल्याकडे तो बहुतेक ठिकाणी प्राचीन इतिहासाच्या पदराला बांधलेला असतो. ही नुसती खात्यांची वाटणी वाटते, पण जमिनीतून माणसाचा सांगाडा वर येतो तेव्हा त्याला पहिला प्रश्न कोण आणि कुठला विचारणार, हे त्या वाटणीवर ठरतं.

कॉलेजचा पूर्वेतिहास थोडक्यात सांगते, कारण तो शाळेपासून आपल्या कानावर असतो. 1821 मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली, पेशव्यांच्या दक्षिणा निधीच्या पैशावर. पुढे तिचं डेक्कन कॉलेज झालं आणि 1868 मध्ये ते येरवड्याच्या दगडी इमारतीत गेलं. टिळक, आगरकर तिथलेच. 1934 मध्ये सरकारने खर्चाचं कारण देऊन ते बंद केलं. माजी विद्यार्थी कोर्टात गेले. शेवटी 1939 च्या ऑगस्टमध्ये ते पुन्हा उघडलं, पण बी.ए.चे वर्ग भरवण्यासाठी नाही, तर पदव्युत्तर अभ्यास आणि संशोधनासाठी. विभाग मोजके: भाषाशास्त्र, संस्कृत, इतिहास, समाजशास्त्र. प्राध्यापक बोटांवर मोजावेत इतके.

या मोजक्या लोकांत दोघे होते. हसमुख धीरजलाल सांकलिया इतिहासाचे प्राध्यापक म्हणून आले. वय तिशीचं, लंडनहून गुजरातच्या पुरातत्त्वावर पीएचडी, त्याआधी नालंदा विद्यापीठावर प्रबंध. म्हणजे मंदिरं, शिलालेख, मूर्ती हा त्यांचा प्रांत. इंग्लंडमध्ये असताना मॉर्टिमर व्हीलर यांच्या मेडन कॅसलच्या उत्खननावर त्यांनी हात मळवले होते, पण अश्मयुग हा काही त्यांचा विषय नव्हता. दुसऱ्या इरावती कर्वे. मुंबईत गो. स. घुर्ये यांच्याकडे त्यांनी चित्पावनांवर प्रबंध लिहिला होता, आणि 1930 मध्ये बर्लिनहून डॉक्टरेट आणली होती. त्यांना आपण 'युगान्त'मुळे ओळखतो. स्कूटरवरून पुण्यात फिरणाऱ्या बाई म्हणूनही ओळखतो. पण त्यांचं मूळ प्रशिक्षण कवट्या मोजण्याचं होतं, हे चटकन आठवत नाही.

बर्लिनच्या कैसर विल्हेल्म संस्थेचे प्रमुख होते ऑयगेन फिशर. वंशशुद्धीच्या विचाराचे मोठे पुरस्कर्ते, ज्यांच्या लिखाणाचा पुढे नाझींना उपयोग झाला. कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंमधल्या फरकाचा वंशाशी संबंध आहे का, हे तपासायचं काम इरावतीबाईंकडे आलं. त्यांनी 149 कवट्या मोजल्या आणि तसा संबंध दिसत नाही असं लिहून दिलं. परक्या देशात, विद्यार्थिनी असताना, आपल्याच मार्गदर्शकाच्या आवडत्या कल्पनेच्या विरुद्ध. ही गोष्ट अलीकडे बरीच सांगितली जाते आणि सांगावीही. फक्त तिथेच थांबू नये असं मला वाटतं. त्या कवट्यांपैकी काही जर्मन वसाहतींतून आणलेल्या होत्या. त्या कुणाच्या होत्या, कुणाला विचारून आणल्या, हा प्रश्न त्या काळात कुणी विचारत नव्हतं.

आता लांघणजला चला. गुजरातमधल्या मेहसाणा जिल्ह्यातलं हे गाव. साबरमतीच्या खोऱ्यात रॉबर्ट ब्रूस फूट यांना एकोणिसाव्या शतकातच दगडी हत्यारं सापडली होती. ते धागे पकडून सांकलियांनी 1941 मध्ये गुजरातेत प्रागैतिहासिक मोहीम काढली. वाऱ्याने साचलेल्या वाळूच्या टेकाडांवर नखाएवढी, बोटाच्या पेराएवढी गारेची पाती विखुरलेली असतात. सूक्ष्मास्त्रं म्हणतात त्यांना. लाकडाच्या किंवा हाडाच्या खोबणीत ओळीने बसवली की त्याचा बाण किंवा विळा होतो. लांघणजच्या टेकाडात ही पाती सापडली, जनावरांची हाडं सापडली आणि मग माणसं सापडली. पाय पोटाशी घेऊन, अंग आवळून पुरलेली.

इथे लहान कॉलेज असल्याचा फायदा बघा. मोठ्या खात्यात असं झालं असतं तर सांगाडा पेटीत जाऊन कलकत्त्याला रवाना झाला असता, अहवाल काही वर्षांनी आला असता, आणि उकरणाऱ्याने तोवर पुढचं टेकाड धरलं असतं. इथे कवटी मोजू शकणारी व्यक्ती त्याच कॉलेजात होती, आणि ती मोहिमेवर आली. तिसऱ्या मोहिमेच्या अहवालावर सांकलिया आणि कर्वे अशी दोघांची नावं आहेत. 1949 मध्ये 'अमेरिकन अँथ्रोपॉलॉजिस्ट'मध्ये दोघांनी मिळून लेख लिहिला. हाड कोणत्या थरात होतं, डोकं कुठल्या दिशेला होतं, शेजारी काय पडलं होतं, हे सगळं हाड मोजणारीला स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं होतं. ही साधी गोष्ट वाटते. पण संग्रहालयांत अशा कितीतरी पेट्या असतात ज्यांच्यावर गावाचं नाव आणि एक आकडा, एवढंच उरलेलं असतं.

आणि इथेच मला अडखळायला होतं. लांघणजच्या त्या कवट्यांविषयी पहिल्या अहवालांत काय लिहिलं गेलं? लांबट डोकं, आणि ईशान्य आफ्रिकेतल्या 'हॅमिटिक' लोकांशी, 'नीग्रॉइड' वंशाशी साम्य. म्हणजे बर्लिनमध्ये जिने वंशाच्या गणिताला नकार दिला, तिने मेहसाण्याच्या वाळूत तेच शब्द हाताशी धरले. हा दुटप्पीपणा होता असं मी म्हणणार नाही. 1944 मध्ये रेडिओकार्बन पद्धत जन्माला यायची होती. सांगाडा दोन हजार वर्षांचा की दहा हजार, हे कळायला थरांपलीकडे मार्ग नव्हता. शरीराबद्दल बोलायला जी भाषा शिकवली गेली होती, तीच होती. बर्लिनमध्ये त्यांनी एक गृहीतक तपासून नाकारलं होतं. ज्या चौकटीत ते गृहीतक बसत होतं ती चौकट मात्र मोडली नव्हती. ती मोडायला जगालाच अजून काही वर्षं लागायची होती.

लांघणजचं काम 1963 पर्यंत अधूनमधून चालू राहिलं. 1965 मध्ये अहवाल तीन भागांत आला, त्यातला मानवी अवशेषांचा भाग एरहार्ट आणि केनेडी यांचा. जनावरांच्या हाडांचा भाग वेगळा. गेंड्याचं एक खांद्याचं हाड सापडलं होतं, त्यावर खड्डे पडलेले: दगडाची पाती पाडताना ऐरणीसारखं वापरलेलं. आजच्या कोरड्या उत्तर गुजरातेत गेंडा होता, हे एकच हाड सांगतं. मला विचाराल तर वंशाच्या पानभर चर्चेपेक्षा त्या हाडात जास्त इतिहास आहे.

सांकलियांकडे पुन्हा येऊ. ते वंशाच्या प्रश्नात फार रमले नाहीत. त्यांची रीत वेगळी होती: एकेका विद्यार्थ्याला एकेक प्रदेश किंवा नदीचं खोरं वाटून द्यायचं आणि पायी फिरायला लावायचं. बेंडपुडी सुब्बाराव बेल्लारीकडे गेले आणि पुढे बडोद्याचा विभाग त्यांनी उभा केला. जोर्वे, नाशिक, महेश्वर-नावडातोडी, नेवासे ही सगळी त्या दोन दशकांतली उत्खननं. महाराष्ट्राला सातवाहनांच्या आधीही गावं होती, शेती होती, रंगवलेली भांडी होती, हे त्यातून उभं राहिलं. सांकलियांच्या एका पुस्तकाचं नावच गुजरातच्या ऐतिहासिक-सांस्कृतिक भूगोलाचा आणि लोकजीवनाचा अभ्यास असं आहे. शिलालेखातली गावांची आणि माणसांची नावं घ्यायची आणि आजच्या गावांशी, जातींशी ताडून बघायची. इतिहासाच्या प्राध्यापकाने हे करावं, हा शेजाऱ्याचा वाण लागल्याचा प्रकार आहे असं मी गमतीने म्हणते.

वाण दोन्हीकडे लागला. इरावतीबाईंचं 1953 चं नातेसंबंधांवरचं मोठं पुस्तक, 'किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया', डेक्कन कॉलेजनेच छापलं. त्यात भारताचे विभाग पाडताना त्यांनी भाषांच्या कुळांचा आधार घेतला: काका-मामा-आत्या यांना काय म्हणतात आणि मामाच्या मुलीशी लग्न चालतं की नाही, हे दोन्ही शेजारी ठेवून. सु. मं. कत्रे यांचा भाषाशास्त्राचा विभाग त्याच आवारात होता, हा योगायोग मी मानत नाही. दुसरीकडे वि. म. दांडेकरांसोबत त्यांनी महाराष्ट्रातल्या जिवंत माणसांची मोजमापं 1951 मध्ये प्रसिद्ध केली. त्यातून त्या ज्या मताला आल्या ते घुर्ये गुरुजींच्या विरुद्ध होतं. घुर्यांच्या मते मोठी जात फुटत फुटत पोटजाती झाल्या. बाई म्हणाल्या, एकाच नावाखाली वावरणारे गट मुळातच वेगवेगळे असू शकतात. ते फुटलेले नाहीत, शेजारी शेजारी मांडलेले आहेत. 1961 च्या 'हिंदू सोसायटी' पुस्तकात हे सविस्तर येतं. कवटी मोजायच्या त्याच कॅलिपरने त्या इथे वंशाच्या प्रश्नावरून जातीच्या रचनेच्या प्रश्नावर आल्या. आयुष्याच्या शेवटी त्या आणि जाई निंबकर कोयना धरणाने उठवलेल्या लोकांची पाहणी करत होत्या. 1970 मध्ये त्या गेल्या.

त्या गेल्या तेव्हा इनामगाव सुरू होऊन दोन वर्षं झाली होती. पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी. म. के. ढवळीकर, सांकलिया आणि झै. दा. अन्सारी यांनी 1968 ते 1983 असं हे गाव उकरलं. इतका वेळ एका जागेला देणं आपल्याकडे विरळा. साधारण इ.स.पूर्व 1600 ते 700 या काळात इथे लोक राहिले. आधी मोठी चौकोनी घरं, बार्लीची शेती, पाटाचं पाणी. इ.स.पूर्व 1000 च्या सुमारास चित्र पालटतं. घरं लहान आणि गोल होतात, भांड्यांवरची नक्षी ओसरते, रानातल्या अन्नाचं प्रमाण वाढतं.

आणि घराच्या जमिनीखाली मेलेली माणसं. दोनशेहून अधिक दफनं, बहुतेक लहान मुलांची. मूल गेलं की दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवायची, आत मूल, आणि वर जमीन सारवून घ्यायची. मोठ्या माणसांना उताणं, उत्तरेला डोकं करून, घोट्याखालचे पाय तोडून पुरलेलं. एक अपवाद फार प्रसिद्ध आहे: पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात, चार पायांच्या कच्च्या मातीच्या रांजणात, बसवलेला चाळिशीतला पुरुष. त्याचे पाय शाबूत. तो गावचा प्रमुख असावा असं ढवळीकरांनी मांडलं.

पाय का तोडले? मेलेला परत येऊ नये किंवा घर सोडून भटकू नये म्हणून, असं उत्तर दिलं जातं. उलट्या पायांच्या भुतांच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या आपल्यासारख्यांना ते लगेच पटतं. आणि लगेच पटतं म्हणूनच मी तिथे जपून असते. तीन हजार वर्षांपूर्वीची भीती आणि आपल्या आजीची भीती एकच होती, हे पायाच्या हाडावर लिहिलेलं नसतं. जिवंत समाजाकडे बघून जुन्या अवशेषांचा अर्थ लावणं याला एथ्नोआर्किऑलॉजी म्हणतात, आणि डेक्कन कॉलेजात हे काम साठच्या दशकापासून झालं. मालती नागर यांनी राजस्थानात आहाड इथल्या प्राचीन वस्तीचा अभ्यास आजूबाजूच्या लोकांची घरं, भांडी, चुली यांच्यासोबत केला. रीत चांगली आहे. धोका असा की आज जिवंत असलेला माणूस आपण नकळत भूतकाळाचा नमुना करून टाकतो.

इनामगावच्याच गोल झोपड्या घ्या. त्यांची तुलना त्या भागात वावरणाऱ्या फासेपारध्यांच्या झोपड्यांशी केली गेली. आकार जुळतो, हे खरं. पण पारध्याची झोपडी लहान आणि चटकन मोडता येणारी का असते? पारधी समाज इंग्रजांच्या काळात गुन्हेगार जमातींच्या यादीत होता. गावाबाहेर हाकललेल्या, पोलिसांना हजेरी द्यावी लागणाऱ्या माणसाच्या घराला जो आकार येतो तो प्राचीन परंपरेमुळे आला असं गृहीत धरणं धाडसाचं आहे. हा प्रश्न खड्ड्याच्या काठावर उभं राहून विचारायला शेजारी एक मानवशास्त्रज्ञ लागतो. माझ्या सगळ्या प्रबंधाचा रोख एका वाक्यात सांगायचा तर तो एवढाच.

तो शेजारी हळूहळू उरला नाही. आज डेक्कन कॉलेजात पुरातत्त्व, भाषाशास्त्र आणि संस्कृत-कोशशास्त्र हे विभाग आहेत. समाजशास्त्र-मानवशास्त्राचा स्वतंत्र विभाग नाही. हाडांचा अभ्यास पुरातत्त्वाच्या छताखाली आला आणि तो तिथे उत्तम झाला. पण मानवशास्त्राचा दुसरा हात, नात्यांचा आणि समाजाचा, बाहेर राहिला. लहान संस्थेचा हा तोटाही मान्य करायला हवा: तिथे विषय म्हणजे बऱ्याचदा एक माणूस असतो. माणूस गेला की खुर्ची राहते, विषय राहीलच असं नाही.

याने काय फरक पडतो? राखीगढीचं उदाहरण बघा. हरियाणातल्या या हडप्पाकालीन स्थळाचं उत्खनन डेक्कन कॉलेजच्याच नेतृत्वाखाली झालं. 2019 च्या सप्टेंबरमध्ये 'सेल' या नियतकालिकात तिथल्या जनुकांवरचा शोधनिबंध आला. साठेक नमुने तपासले होते. त्यातून वापरण्याजोगा जनुकसंच मिळाला तो एका व्यक्तीचा, एका बाईचा. काम तांत्रिकदृष्ट्या अवघड होतं आणि कौतुकाचं आहे. पण टीव्हीवर आठवडाभर काय चाललं ते तुम्हाला आठवत असेल. आर्य आले की नाही आले, आपण मूळचे की बाहेरचे. लांघणजला 1944 मध्ये कवटीला जो प्रश्न विचारला होता, तोच 75 वर्षांनी कानाच्या हाडातल्या डीएनएला विचारला जात होता. त्या बाईने काय खाल्लं, ती लग्न होऊन त्या गावात आली की तिथेच जन्मली, तिला कुणी पुरलं, हे विचारायला स्टुडिओत कुणी नव्हतं.

हे प्रश्न विचारता येतात, आणि विचारले गेलेही आहेत. इनामगावच्या सांगाड्यांचं वर्णन जॉन लुकाक्स आणि सुभाष वाळिंबे यांनी 1986 मध्ये खंडरूपाने छापलं: एकेक दात, एकेक माप. त्यात वंशाचा शोध जवळजवळ मागे पडला होता आणि दातांच्या लुकणावर उमटलेल्या रेषा पुढे आल्या होत्या. लहानपणी उपासमार किंवा मोठं आजारपण आलं की दाताची वाढ थांबते आणि तिथे रेष पडते, ती जन्मभर राहते. पुढे ग्वेन रॉबिन्स शूग यांनी नेवासे, दायमाबाद आणि इनामगाव इथल्या मुलांची हाडं पुन्हा तपासली, 2011 मध्ये त्यावर पुस्तक आलं. इ.स.पूर्व 1000 नंतरच्या इनामगावात मुलांच्या शरीराची वाढ खुंटलेली दिसते. अंगावर मांस कमी. जन्म पुष्कळ होत होते आणि लहानपणीचे मृत्यूही पुष्कळ. पाऊस कमी झाला आणि गाव उठलं, इतकी सोपी ती कथा नाही. त्या ओढाताणीत लोक तिथेच आणखी दोन-तीनशे वर्षं राहिले, शेती बदलत, शिकार वाढवत, आणि मुलं मडक्यात घालून घराच्या जमिनीखाली ठेवत.

अंगणात नाही, गावाबाहेर नाही, घरात. जिथे रोज सारवायचं, जिथे चूल पेटायची, त्या जमिनीखाली. सध्या माझ्या टेबलावर त्या अहवालातले दफनांचे नकाशे पसरलेले आहेत आणि कुठल्या घरात किती मुलं, चुलीपासून किती अंतरावर, याची मी मोजणी करते आहे. ती पूर्ण झाली की पुढचा लेख त्यावरच.